आधारवचनाची पारख

पाथर्डीच्या दिवाणी न्यायालयांत वाटपाचा एखादा दावा उभा राहिला म्हणजे त्याची अखेर त्याच इमारतींत होईल असें कोणी धरून चालत नाहीं. तेथून तो नगरास, म्हणजे ज्या जिल्ह्यास आतां अहिल्यानगर म्हणतात त्याच्या जिल्हा न्यायालयांत जातो; तेथेंही समाधान झालें नाहीं तर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढें जातो. या प्रवासांत सातबाऱ्याचे उतारे, फेरफाराच्या नकला, साक्षीदारांच्या जबान्या हे सर्व कागद शेतकऱ्याच्या ओळखीचे असतात. वाचतां न आलें तरी कोणता कागद कशाचा हें त्यास ठाऊक असतें, आणि तलाठ्यानें नांव चुकविलें तर तो चार माणसें घेऊन चावडीवर जातो. परंतु त्याच दप्तरांत आणखी एक कागद असतो, व त्याविषयीं तो कांहींच बोलूं शकत नाहीं. त्या कागदावर पूर्वीं होऊन गेलेल्या खटल्यांचीं नांवें, त्यांचीं सालें आणि ग्रंथांचे पृष्ठांक लिहिलेले असतात. वकील उठून सांगतात कीं, अमुक सालीं अमुक न्यायमूर्तींनीं हाच प्रश्न असा सोडविला आहे. त्या एका वाक्यावर कित्येकदां जमीन राहते किंवा जाते.

पाथर्डीजवळच्या मढी येथील यात्रेंत गाढवांचा मोठा बाजार भरतो. जनावराचा जबडा उघडून दांत पाहिल्यावांचून तेथें कोणी शहाणा मनुष्य पैसे मोजीत नाहीं. कायद्याच्या बाजारांत मात्र आधाराचें वचन न पाहतां घेण्याची खोड फार जुनी आहे, आणि ती शिकलेल्या लोकांची आहे.

कायद्याचें संशोधन म्हटलें कीं मोठमोठ्या ग्रंथांनीं भरलेलीं कपाटें डोळ्यांपुढें येतात. वस्तुतः त्याचा पुष्कळसा भाग साध्या शोधाशोधीचा आहे. समोरच्या भांडणासारखें भांडण पूर्वीं कोठें झालें, त्याचा निकाल काय लागला, तो पुढें वरिष्ठ न्यायालयानें कायम ठेवला कीं फिरविला, आणि उलट बाजूस जाणारा निर्णय कोठें आहे काय, एवढें पाहणें म्हणजे हें संशोधन. न्यायाधीश हा शोध सर्वस्वीं स्वतः करूं शकत नाहीं. त्याच्यापुढें दिवसाला कित्येक कामें असतात. तो वकिलाच्या शब्दावर विसंबतो, वकील आपल्या मदतनिसाच्या टिपणावर विसंबतो, मदतनीस छापील सारसंग्रहावर विसंबतो, आणि सारसंग्रहाचा कर्ता कशावर विसंबला हें विचारावयास कोणी उरत नाहीं. या सांखळीच्या कोणत्याही कडींत खोट शिरली तरी तिचा भार अखेर पक्षकारावर पडतो; आणि ती सांखळी घडविण्यांत ज्याचा मुळींच हात नाहीं असा तोच काय तो एक.

हा प्रश्न आजचा नव्हे. १७७२ सालीं वॉरन हेस्टिंग्ज यांनीं बंगालमध्यें असें ठरविलें कीं, वारसा, विवाह इत्यादि बाबींतील हिंदूंचे तंटे त्यांच्याच शास्त्राप्रमाणें तोडावे. शास्त्र संस्कृतांत आणि न्यायाधीश इंग्रज! तेव्हां अकरा पंडित बसवून एक ग्रंथ करविण्यांत आला. त्याचें प्रथम फारसींत आणि मग फारसींतून इंग्रजींत भाषांतर झालें, व तें १७७६ सालीं हालहेड यांच्या नांवें छापून निघालें. असे दोन उंबरे ओलांडून आलेल्या वचनांत मूळचा अर्थ किती शिल्लक राहिला असेल, याची कल्पना भाषांतराचा धडा ज्यानें एकदां तरी मुलांकडून लिहवून घेतला असेल त्यास सहज करतां येईल. पुढें कलकत्त्यास न्यायाधीश होऊन आलेल्या सर विल्यम जोन्स यांनीं संस्कृत शिकावयास घेतलें तें केवळ काव्याच्या गोडीनें नव्हे. न्यायालयांतील पंडित जें सांगतील तें खरें कीं खोटें हें ताडून पाहण्याचें साधन आपल्या हातीं नाहीं, ही बोच त्यांस होती. त्यांचा संशय सर्वस्वीं न्याय्य होता असें म्हणवत नाहीं. पंडितांतही मोठे निःस्पृह पुरुष होते. पण ज्याचें उत्तर तपासतां येत नाहीं त्याच्यावर संशय येतोच, मग तो कितीही सचोटीचा असो.

मुंबई इलाख्यानें थोडी निराळी वाट धरली. १८२७ सालच्या चौथ्या रेग्युलेशनाच्या सव्विसाव्या कलमांत असें सांगितलें होतें कीं, सरकारी कायदा नसेल तेथें प्रथम त्या मुलखाचा रिवाज पाहावा, रिवाज नसेल तर प्रतिवादीचा कायदा पाहावा, आणि तोही नसेल तर न्याय, समता व सद्बुद्धि यांस अनुसरावें. त्याच सालीं आर्थर स्टील यांचें दक्षिणेंतील हिंदु जातींचे कायदे व चालीरीति यांवरील पुस्तक सरकारी हुकुमानें प्रसिद्ध झालें. शास्त्री काय म्हणतात तें विचारावें आणि जातीजातींचे प्रमुख काय सांगतात तेंही विचारावें, अशी त्या कामाची रीत होती. पुस्तकांत काय लिहिलें आहे आणि लोक प्रत्यक्षांत कसे वागतात, या दोन प्रश्नांचीं उत्तरें निराळीं असूं शकतात ही जाणीव त्यांत दिसते.

न्यायालयांत नेमलेल्या शास्त्र्यांची जागा १८६४ सालीं मोडण्यांत आली. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, १८६७ पासून, रेमंड वेस्ट आणि योहान गेओर्ग ब्यूलर यांनीं इलाख्यांतील निरनिराळ्या न्यायालयांच्या शास्त्र्यांनीं दिलेलीं उत्तरें छापून काढलीं. त्यांत अहमदनगरचींही उत्तरें आहेत. त्या संग्रहाची मांडणी मुद्दाम लक्षांत घेण्यासारखी आहे. प्रथम न्यायालयानें विचारलेला प्रश्न. मग शास्त्र्याचें उत्तर, त्याखालीं गांव व तारीख. मग त्यानें ज्या ग्रंथवचनांचा आधार दिला तीं वचनें. आणि शेवटीं संपादकांचा शेरा. शास्त्रीबोवांचें उत्तर चुकलें असेल तर शेऱ्यांत तसें स्पष्ट म्हटलेलें आढळतें. उत्तर, आधार आणि परीक्षा हीं तीन एकमेकांपासून वेगळीं ठेवणें ही गोष्ट दिसावयास किरकोळ आहे. पण पुढें कित्येक पंडित म्हणविणाऱ्यांस ती साधली नाहीं.

ती न साधल्यामुळें काय होतें याचें उदाहरण पाहावयाचें तर दत्तकाच्या कायद्यासारखें दुसरें नाहीं. १८२१ सालीं सदरलंड नांवाच्या साहेबांनीं दत्तकाविषयींच्या दोन संस्कृत ग्रंथांचें इंग्रजी भाषांतर कलकत्त्यास प्रसिद्ध केलें. एक नंदपंडिताची ‘दत्तकमीमांसा’ आणि दुसरा ‘दत्तकचंद्रिका’. पहिल्याच्या कर्तृत्वाबद्दल वाद नव्हता. दुसरा ग्रंथ कोणी कुबेर पंडिताचा म्हणत, तर सदरलंड यांनीं तो ‘स्मृतिचंद्रिका’ लिहिणाऱ्या देवण्णभट्टाच्या नांवावर घातला. म्हणजे त्यास एकाएकीं कित्येक शतकांचें वय आणि एका मान्यवर निबंधकाराचें कुळ प्राप्त झालें. १८२९ सालीं मॅकनॉटन यांनीं आपल्या ग्रंथांत लिहून टाकलें कीं, दत्तकाच्या बाबतींत हे दोन्ही ग्रंथ सर्व हिंदुस्थानांत सारखेच मान्य आहेत. झालें! ज्यांस संस्कृत येत नव्हतें असे न्यायाधीश आणि वकील यांच्या हातीं दोन सुटसुटीत इंग्रजी पुस्तकें आलीं, आणि त्यांच्यावर निकाल होऊं लागले.

इकडे बंगालमधील पंडितमंडळींत मात्र एक निराळीच गोष्ट सांगितली जात असे. चंद्रिका ही प्राचीन नव्हे, ती रघुमणि विद्याभूषण नांवाच्या अलीकडच्या पंडितानें रचून कुबेराच्या नांवावर खपविली, अशी ती गोष्ट. हे रघुमणि कोलब्रुक साहेबांच्या पदरीं होते, व एका दत्तकपुत्राची बाजू बळकट व्हावी म्हणून हा उपद्व्याप झाला, असेंही सांगत. नुसती ऐकीव गोष्ट म्हणून ती सोडून देतां आली असती. पण ग्रंथाच्या अखेरच्या श्लोकानें ती सोडूं दिली नाहीं. त्या श्लोकाच्या पहिल्या ओळीचें आद्य अक्षर ‘र’ आणि अंत्य अक्षर ‘घु’. दुसऱ्या ओळीचें आद्य अक्षर ‘म’ आणि अंत्य अक्षर ‘णि’. चार अक्षरें जुळविलीं कीं कर्त्याची सही हातांत येते! कलकत्त्याचे गोलापचंद्र सरकार शास्त्री यांनीं १८८८ सालच्या टागोर व्याख्यानांत दत्तकाच्या कायद्याची छाननी करतांना या कृत्रिमपणाचा पुरस्कार केला. हा आरोप कोणत्याही न्यायालयांत आरोपीस उभें करून सिद्ध झालेला नाहीं, हें सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. तथापि चार अक्षरें चारी कोपऱ्यांत योगायोगानें येऊन बसलीं असें मानावयास फार मोठी श्रद्धा पाहिजे.

रघुमणींनीं हें केलें असेल तर त्यांचा अपराध उघडच आहे. परंतु विचार करण्यासारखे अपराधी दुसरेच आहेत. भाषांतर करणाऱ्यानें हस्तलिखितें किती जुनीं आहेत हें पाहिलें नाहीं. पूर्वींच्या निबंधकारांपैकीं कोणी या ग्रंथाचा उल्लेख करतो काय, हा अगदीं पहिला प्रश्न, तो विचारला नाहीं. मॅकनॉटन यांनीं सर्व हिंदुस्थानचा निर्वाळा दिला तेव्हां पुण्याच्या किंवा पैठणच्या शास्त्र्यांस कोणी विचारून पाहिल्याचें दिसत नाहीं. आणि न्यायालयांनीं छापील पुस्तक म्हणजे प्रमाण असें धरलें. बनावट वचन लिहिणारा एक असतो. तें चालविणारे पन्नास असतात, आणि ते सर्व सभ्य असतात.

यामुळें घरांत काय फरक पडला तें हिशेबानेंच सांगितलेलें बरें. एखाद्या कुणब्यानें मूल होत नाहीं म्हणून दत्तक घेतला आणि पुढें त्यास औरस मुलगा झाला, असें समजा. जमीन वीस एकर आहे. मुंबई इलाख्यांत अशा दत्तकास औरसाच्या वाट्याचा चौथा हिस्सा, म्हणजे एकंदर मिळकतीचा पांचवा भाग मिळे. वीस एकरांतून चार. पण शूद्र म्हणून गणलेल्या जातींत दत्तक व औरस यांस सारखा वाटा द्यावा असें चंद्रिकेंत आहे, व बंगाल आणि मद्रास इलाख्यांत तो नियम मान्य झाला होता. १९२१ सालीं पेर्राजु विरुद्ध सुब्बारायुडु या मद्रासकडील खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलनेंही तो उचलून धरला. तेथें त्याच दत्तकास दहा एकर मिळाले असते. आजच्या न्यायबुद्धीस मद्रासचा नियमच अधिक पटेल, आणि १९५६ च्या कायद्यांनीं दत्तकास औरसासारखेंच स्थान दिल्यामुळें हा भेद आतां संपला आहे. पण नियम चांगला निघाला म्हणून त्याचा उगम शुद्ध ठरत नाहीं. मद्रासेंतील ज्या औरसाचे सहा एकर कमी झाले त्यास, ते कोणत्या ऋषीच्या वचनानें गेले, हें विचारण्याचा अधिकार होता.

याच्या उलटही घडलें. उत्तर हिंदुस्थानांतील भगवानसिंग विरुद्ध भगवानसिंग या खटल्यांत मावशीच्या मुलास दत्तक घेतलें होतें. अलाहाबादच्या हायकोर्टानें बहुमतानें तें दत्तक कायम केलें; १८९९ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें तें रद्द ठरविलें. त्या वेळीं मीमांसा व चंद्रिका यांच्या प्रामाण्याबद्दल भरपूर वाद झाला. प्रिव्ही कौन्सिलचा अभिप्राय असा पडला कीं, हे ग्रंथ अचूक आहेत असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल, तरी इतका दीर्घ काळ ते थोर प्रमाण म्हणून मानले गेले आहेत कीं ते आतां कायद्याच्या भिंतींत पक्के बसले आहेत. संशोधनांतील गैरवर्तनाचा खरा धोका येथें दिसतो. खोटें नाणें चावडीवर ओळखलें तर तें परत करतां येतें. खोटें वचन मात्र पुष्कळ वर्षें चाललें म्हणजे तें मोडणेंच अन्यायाचें होऊन बसतें, कारण त्याच्या भरंवशावर लोकांनीं जमिनी घेतलेल्या असतात आणि घरें बांधलेलीं असतात.

महाराष्ट्रास या भोंवऱ्यांतून पुष्कळ अंशीं ज्यांनीं वांचविलें त्यांत रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरुडचे हे गृहस्थ मुंबई हायकोर्टांत वकिली करीत. १८८० सालीं त्यांनीं ‘व्यवहारमयूख’ आणि ‘याज्ञवल्क्यस्मृति’ यांचें इंग्रजी भाषांतर मूळ संस्कृतासह प्रसिद्ध केलें. मयूखाचा कर्ता नीलकंठभट्ट हा काशीस राहणारा, पण त्याचें घराणें मूळचें पैठणचें. त्याचा पणजा रामेश्वरभट्ट पैठणाहून काशीस गेला. पैठण पाथर्डीपासून कांहीं लांब नाहीं, एका दिवसांत जाऊन परत येतां येतें. तेव्हां नगर जिल्ह्यांतील वाटपाचे दावे कलकत्त्यास छापलेल्या ग्रंथापेक्षां या ग्रंथानें तुटावे हें स्वाभाविकच होतें. मयूखाचें बोरोडेल यांनीं केलेलें भाषांतर १८२७ पासून उपलब्ध होतें. तें पुरेसें आहे असें मानून मंडलिक स्वस्थ बसले असते तरी कोणी त्यांस नांवें ठेविलीं नसतीं. त्यांनीं मूळ पुन्हां तपासलें, मीमांसा व चंद्रिका यांना दक्षिणेंत एवढा मान कोणी दिला हा प्रश्न निर्भीडपणें विचारला, आणि चालत आलेल्या आचारास त्याचें स्थान द्यावें असा आग्रह धरला. स्वतः वकिली करणाऱ्या माणसानें आपल्याच न्यायालयाच्या आवडत्या ग्रंथांवर शंका घेणें, यास थोडें धैर्य लागतें.

त्यांच्यामागून महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे आले. तेही मुंबईचे वकील. त्यांनीं मयूखाची संस्कृत आवृत्ति १९२६ सालीं सिद्ध केली व तिचें भाषांतर सहकाऱ्यासह १९३३ सालीं छापलें. त्यांच्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’चे पांच खंड १९३० पासून १९६२ पर्यंत निघत होते, १९६३ सालीं त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली. त्या खंडांचें पान उघडावें तर निम्मी जागा तळटीपांनीं व्यापलेली. तरुण वाचकांस त्यांचा कंटाळा येतो. पण त्या तळटीपा म्हणजे कर्त्यानें वाचकाच्या हातीं दिलेल्या किल्ल्या होत. वाचकास वाटलें तर त्यानें कुलूप उघडून आंत पाहावें.

इंग्रजी न्यायालयांचे निवाडे छापले जाऊं लागल्यावर ग्रंथवचनाची जागा हळूहळू पूर्वनिर्णयानें घेतली, आणि सचोटीचा प्रश्न तेथें आला. वाटेल त्यानें वाटेल तसें टिपण छापावें व न्यायालयांत तें निवाडा म्हणून वाचावें, ही अंदाधुंदी थांबविण्यासाठीं १८७५ च्या कायद्यानें सरकारी अधिकारानें प्रसिद्ध होणारेच हायकोर्टांचे अहवाल बंधनकारक ठरविले, व १८७६ पासून ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ ही माला सुरू झाली. तरी खासगी अहवालांची चाल बंद पडली नाहीं. मुंबईचा ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ १८९९ सालीं निघाला व नांवारूपास आला. छापील अहवालामुळें निवाडा बनविणें अवघड झालें खरें. परंतु वांकविणें सोपेंच राहिलें. अहवालाच्या डोक्यावर संपादक निवाड्याचें सार देतो. तें सार हाच निवाडा समजून वाचणारे वकील प्रत्येक पिढींत निघतात. वाक्याचा पूर्वार्ध वाचून ‘परंतु’पाशीं थांबणारेही असतात. वरच्या न्यायालयानें फिरविलेला निर्णय जिवंत म्हणून पुढें करणें, आपल्या विरुद्ध जाणारा निर्णय माहीत असून त्याविषयीं मौन धरणें, हे प्रकार तर इतके परिचयाचे आहेत कीं त्यांस चातुर्य म्हणण्याची पद्धत पडली आहे. विरुद्ध पक्षाचा वकील तयारीचा असला तर तो हें उघड करतो. पण पक्षकार गरीब असला आणि त्याचा वकील नवखा असला तर?

विद्यापीठांतील कायद्याच्या प्रबंधांचा रोग थोडा निराळा. तेथें दुसऱ्याचें लिखाण स्वतःचें म्हणून देण्याची चोरी अधिक. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं यासाठीं नियम केले. प्रबंधाचें इतर लिखाणाशीं साम्य शेंकडा १० पर्यंत असेल तर शिक्षा नाहीं; ४० पर्यंत असेल तर तो सुधारून सहा महिन्यांच्या आंत पुन्हां द्यावा; ६० पर्यंत असेल तर एक वर्ष तो देतां येणार नाहीं; आणि त्याहून अधिक असेल तर नोंदणीच रद्द. हे नियम चोरी पकडतात, लबाडी पकडीत नाहींत. जो निवाडा जगांत कधीं झालाच नाहीं त्याचें इतर कशाशीं साम्य निघणार? साम्य मोजणाऱ्या यंत्राच्या दृष्टीनें बनावट निवाडा हा अगदीं शुद्ध व स्वतंत्र लिखाणाचा नमुना ठरतो.

आणि आतां बनावट निवाडा तयार करण्यास पंडिताचीही गरज उरलेली नाहीं. कृत्रिम बुद्धिमत्तेचीं जीं भाषायंत्रें गेल्या कांहीं वर्षांत घराघरांत पोंचलीं, त्यांच्या कामाची रीत समजून घेतली पाहिजे. असें यंत्र अमाप मजकूर वाचून, कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येणें संभवनीय आहे हें शिकतें. त्यास प्रश्न केला म्हणजे तें बहुधा कपाटांतील ग्रंथ काढून पाहत नाहीं. उत्तर कसें दिसावें याचा अंदाज करून शब्द जुळवितें. निवाड्यास दोन पक्षांचीं नांवें असतात, मध्यें ‘विरुद्ध’ असतें, साल असतें, खंड व पृष्ठ असतें, हें त्यास पक्कें ठाऊक आहे. म्हणून तें नांवें देतें, साल देतें, पृष्ठांकही देतें. निवाडा झाला होता काय, हा प्रश्न त्याच्यापुढें नसतोच. रघुमणींना निदान आपण काय करीत आहों हें माहीत होतें. यंत्र खोटें बोलत नाहीं, कारण खरें म्हणजे काय हेंच त्यास ठाऊक नाहीं.

न्यूयॉर्क येथें माता विरुद्ध आविआंका या खटल्यांत २०२३ सालीं हें प्रथम जगापुढें आलें. विमानांत दुखापत झाल्याच्या दाव्यांत वकिलांनीं यंत्राकडून मिळालेले निवाडे दाखल केले. विरुद्ध पक्षास ते कोठें सांपडेनात. न्यायालयानें त्यांच्या प्रती मागितल्या, तेव्हां वकिलांनीं पुन्हां यंत्राकडूनच मजकूर घेऊन तो हजर केला. हे निवाडे खरे आहेत ना, असें त्यांतील एकानें यंत्रासच विचारलें होतें आणि यंत्रानें होकार दिला होता! चोरास साक्षीदार करण्याचा हा प्रकार. न्यायाधीश कॅसल यांनीं त्याच वर्षीं जून महिन्यांत पांच हजार डॉलर दंड केला, आणि ज्या न्यायाधीशांच्या नांवावर खोटे निवाडे घातले होते त्यांस पत्रें लिहून तें कळविण्यास फर्माविलें. दंडाचा आंकडा मोठा नव्हता. पत्रें लिहावयास लावणें ही शिक्षा अधिक मार्मिक वाटते.

ही परदेशची कहाणी म्हणून सोडून देण्याची सोय राहिली नाहीं. बंगळूर येथील प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाचा डिसेंबर २०२४ मधील एक निर्णय, त्यांत अस्तित्वांत नसलेल्या निवाड्यांचा आधार घेतल्याचें उघड होतांच मागें घ्यावा लागला. आणि ६ ऑक्टोबर २०२५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें केएमजी वायर्स या कंपनीच्या अर्जावर जो निकाल दिला तो तर महाराष्ट्रांतील प्रत्येक सुशिक्षित घरानें लक्षांत ठेवावा असा आहे. कंपनीनें आपलें उत्पन्न सुमारें ३.०९ कोटि रुपये दाखविलें होतें; प्राप्तिकर खात्यानें तें २७.९१ कोटि ठरविलें. एवढी वाढ करतांना अधिकाऱ्यानें तीन निवाड्यांचा आधार दिला. कंपनीच्या वकिलांनीं शोध केला; ते निवाडे कोठेंच नाहींत. खात्यासही ते दाखवितां आले नाहींत. कंपनीस माल पुरविणाऱ्यानें नोटिशीस दिलेलें उत्तर दप्तरीं असून तेंही विचारांत घेतलें गेलें नव्हतें. न्यायालयानें कर-आकारणी, मागणीची नोटीस व दंडाची नोटीस हीं सर्व रद्द केलीं, आणि असें बजावलें कीं, या यंत्रयुगांत उत्तरें हातीं आलीं म्हणजे त्यांवर आंधळेपणानें न विसंबतां, वापरण्यापूर्वीं तीं पडताळून घेणें हें न्यायाधिकार चालविणाऱ्या अधिकाऱ्याचें कर्तव्य आहे.

या उदाहरणाचें महत्त्व असें कीं, चुकलेला येथें वकील नव्हता, सरकार होतें. वकिलावर तरी नियंत्रण आहे. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टाच्या पस्तिसाव्या कलमाप्रमाणें राज्याच्या बार कौन्सिलची शिस्तसमिति गैरवर्तनाबद्दल वकिलास समज देऊं शकते, कांहीं काळ त्याची सनद तहकूब करूं शकते, किंवा पटावरून त्याचें नांव काढूं शकते. खोटा आधार दाखल करणारा वकील ‘मला माहीत नव्हतें’ एवढें म्हणून सुटूं नये. कारण माहीत करून घेणें हेंच त्याचें काम, व त्याच कामाची तो फी घेतो. इंग्लंडमधील वरिष्ठ न्यायालयानेंही जून २०२५ मध्यें असे प्रकार न्यायालयाच्या अवमानापर्यंत जाऊं शकतात असा इशारा दिला. केरळ उच्च न्यायालयानें जुलै २०२५ मध्यें आपल्या जिल्हा न्यायालयांकरितां धोरण जाहीर केलें. त्यांत निष्कर्ष काढणें व निर्णय देणें हीं कामें यंत्रावर सोंपविण्यास मनाई असून, इतर कामीं यंत्र वापरलें तर त्याचें उत्तर माणसानें तपासलेंच पाहिजे असें म्हटलें आहे. हें योग्य झालें. यंत्रास जबाबदार धरण्याच्या गोष्टी कांहीं लोक करूं लागले आहेत, त्यांत अर्थ नाहीं. कागदावर ज्याची सही, त्याची जबाबदारी. मग मजकूर कारकुनानें लिहिलेला असो कीं यंत्रानें.

पडताळणी अवघड आहे ही सबबही आतां फारशी टिकत नाहीं. पूर्वीं अहवालांचे संच मोठ्या शहरांतच असत. तालुक्याच्या वकिलास नगरच्या ग्रंथालयांत जावें लागे, आणि तेथेंही नेमका हवा तोच खंड कोणीतरी घरीं नेलेला असे. जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे सुमारें ३४,००० निवाडे त्याच्याच संकेतस्थळावर सर्वांस विनामूल्य खुले झाले आहेत, व कित्येकांचीं मराठी भाषांतरेंही मिळतात. उच्च न्यायालयांचे निर्णयही त्यांच्या संकेतस्थळांवर पाहतां येतात. वकिलानें दिलेल्या यादींतील नांव घेऊन दहावी उत्तीर्ण झालेला मुलगासुद्धां तो निवाडा आहे कीं नाहीं एवढें भ्रमणध्वनीवर पाहूं शकेल. त्याचा अर्थ लावणें वकिलाचें काम. पण तो असणें किंवा नसणें हें कोणासही दिसतें. पक्षकारानें आपल्याच वकिलास ‘हा निवाडा छापून द्या’ असें म्हणण्यांत अविश्वास नाहीं. खरेदीखताची नकल मागण्यांत जेवढा असतो तेवढाच.

मुंबईच्या त्या निकालाच्या अखेरीस एक सूचना आहे. प्रकरण नव्यानें चालवितांना अधिकाऱ्यास एखाद्या निवाड्याचा आधार घ्यावयाचा असेल तर त्यानें तो आधीं कंपनीस कळवावा, आणि उत्तर देण्यास पुरेशी मुदत द्यावी. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयांत दोन्ही पक्षांच्या आधारांची यादी युक्तिवादाच्या पुरेशा आधीं एकमेकांस मिळावी, तींत प्रत्येक निवाडा वकिलानें स्वतः वाचल्याचा दाखला असावा, आणि तो खोटा ठरल्यास विरुद्ध पक्षाच्या त्या तारखेचा खर्च, एस. टी.च्या भाड्यासह, त्याच वकिलाकडून वसूल व्हावा, एवढी सोय करण्यास नवीन कायद्याची वाट पाहण्याचें कारण दिसत नाहीं.